मेंदूतील रक्तस्राव आणि गुठळी टिकविणारी औषधे : एक ऐतिहासिक परामर्श

आपल्या भाषेत ‘अर्धांगवायू’ हा एकच शब्द दोन परस्परविरुद्ध आपत्तींस लाविला जातो. मेंदूकडे जाणाऱ्या रोहिणीत गुठळी अडकून रक्ताचा प्रवाह बंद पडला तरी अर्धांगवायू, आणि रोहिणी फुटून मेंदूच्या गाभ्यात रक्त साचले तरीही अर्धांगवायूच. रोग्याच्या घरच्या माणसांस दोहोंचे दर्शन सारखेच घडते : वाचा जाते, तोंड वाकडे होते, एक हात व एक पाय लुळा पडतो. पण पहिल्या प्रकारात गुठळी हीच शत्रू असते, आणि दुसऱ्या प्रकारात तीच एकमेव रक्षणकर्ती असते. गुठळी विरघळविणारी औषधे पहिल्या प्रकारात उपकारक ठरली, ही गोष्ट १९९५ नंतर सर्वमान्य झाली. मग गुठळी टिकवून धरणारी औषधे दुसऱ्या प्रकारात तितकीच उपकारक का ठरू नयेत? प्रश्न इतका सरळ आहे की, त्याचे उत्तर मिळण्यास अर्धे शतक लागावे व तरीही ते अपुरे राहावे याचे प्रथमदर्शनी आश्चर्य वाटते.

इजा अथवा अपघात यांवाचून आपोआप होणाऱ्या मस्तिष्कांतर्गत रक्तस्रावावर या औषधांचा जो प्रयोग झाला, त्याचा इतिहास सामान्यतः अपयशाचा इतिहास म्हणून सांगितला जातो. एकामागून एक औषध आले, प्रारंभी आशा निर्माण झाली, मोठी चाचणी झाली आणि आशा मावळली, असा त्याचा ठराविक आराखडा असतो. प्रस्तुत लेखकास हा आराखडा अपुरा वाटतो. औषधांच्या या कथेखाली दुसरी एक कथा वाहत आहे, आणि ती एका साध्या प्रश्नाभोवती फिरते : मेंदूत फुटलेल्या रोहिणीतून रक्त किती वेळ वाहत राहते? या प्रश्नाचे उत्तर ज्या ज्या वेळी बदलले, त्या त्या वेळी औषधाकडे पाहण्याची दृष्टीही बदलली.

स्वित्झर्लंडमधील शाफहाउझन येथील वैद्य योहान याकोब वेप्फर याने १६५८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात शवविच्छेदनाच्या आधारे असे दाखवून दिले की, अकस्मात बेशुद्ध पडून मरण पावलेल्या काही रोग्यांच्या मेंदूत रक्त साचलेले असते. तोवर अशा मृत्यूचे स्पष्टीकरण शरीरातील दूषित द्रव्यांच्या आधारे दिले जात असे. पण ज्ञान बदलले म्हणून चिकित्सा लगेच बदलली असे मात्र झाले नाही. त्यानंतरही दोनशेहून अधिक वर्षे युरोपातील वैद्य अशा रोग्याची शीर कापून रक्त काढीत राहिले. ज्याच्या मेंदूत रक्त वाहत आहे त्याच्या दंडातूनही रक्त वाहू द्यावे, हा उपचार आज विचित्र वाटेल. परंतु डोक्यातील रक्ताचा जोर कमी करावा हा त्यामागील तर्क होता, आणि रक्तदाब उतरविण्याच्या आजच्या उपायांशी त्याचे दूरचे नाते लाविता येते. पॅरिस येथे शार्को व बुशार यांनी १८६८ मध्ये मेंदूतील सूक्ष्म रोहिण्यांवर आढळणाऱ्या बारीक फुगवट्यांचे वर्णन केले व रक्तस्रावाचे मूळ तेथे शोधले. फुगवट्यांचा तो सिद्धान्त पुढे बराच वादग्रस्त ठरला; पण दीर्घकाळच्या उच्च रक्तदाबाने मेंदूच्या खोल भागातील बारीक रोहिण्या जीर्ण होतात, हे त्यानंतरच्या संशोधनाने पक्के केले.

शवविच्छेदनावर उभ्या राहिलेल्या या ज्ञानाची एक मर्यादा होती, आणि तीच पुढील कथेचे मूळ आहे. शव हे शेवट दाखविते, क्रम दाखवीत नाही. मेंदूत साचलेली ५० घनसेंटिमीटरची गाठ पाहून ती दोन मिनिटांत साचली की सहा तासांत, हे सांगता येत नाही. तथापि रोग इतका अकस्मात जडतो की, रक्तस्रावही तितकाच अकस्मात होऊन लगेच थांबत असला पाहिजे, असे मानणे स्वाभाविक होते. या समजुतीस शरीरक्रियाशास्त्राचाही आधार होता. मेंदूचे ऊतक रक्तक्लथनास चालना देणाऱ्या द्रव्याने अतिशय समृद्ध असते. आर्मंड क्विक याने १९३५ मध्ये रक्त गोठण्यास लागणारा काळ मोजण्याची जी प्रसिद्ध कसोटी तयार केली, तीत त्याने सशाच्या मेंदूचाच अर्क वापरला होता. प्रयोगशाळेत रक्त गोठविण्यासाठी ज्याचा अर्क घ्यावा, त्याच अवयवात सांडलेले रक्त झटपट गोठणार, यात नवल ते काय?

या समजुतीवर शिक्कामोर्तब करणारा एक प्रयोग १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. हर्बस्टाइन व शॉमबर्ग या अमेरिकन संशोधकांनी रक्तस्राव होऊन काही तास लोटलेल्या रोग्यांच्या शिरेत किरणोत्सर्गी क्रोमियमने चिन्हांकित केलेल्या तांबड्या रक्तपेशी टोचल्या. पुढे जे रोगी दगावले त्यांच्या मेंदूतील गाठीत या चिन्हांकित पेशी उतरल्या आहेत काय, हे शवपरीक्षेत पाहण्यात आले. रक्तस्राव चालू असता तर चिन्हांकित पेशी गाठीत सापडावयास हव्या होत्या. त्या मुख्य गाठीत सापडल्या नाहीत; म्हणून मूळ स्राव अल्पकाळच टिकतो, असा निष्कर्ष निघाला. प्रयोगाची कल्पना सुंदर होती. मात्र येथे नमूद केले पाहिजे की, रोगी थोडे होते आणि पेशी टोचण्यापूर्वीच काही तास निघून गेले होते. पहिल्या एकदोन तासांत काय घडते याविषयी हा प्रयोग बोलूच शकत नव्हता. त्याच्या तीन वर्षे आधी, १९७१ मध्ये, बोस्टनच्या मिलर फिशर याने फुटलेल्या रोहिण्यांचे बारकाईने छेद घेऊन निराळेच चित्र रेखाटले होते : पहिल्या रोहिणीतून निघालेले रक्त आजूबाजूच्या ऊतकास ताणते, त्या ताणाने शेजारच्या लहान रोहिण्या फाटतात आणि गाठ कडेकडेने वाढत जाते. दोन्ही मते एकाच दशकात छापली गेली. पण चिकित्सकांच्या मनावर पगडा बसला तो पहिल्याचा. स्राव मिनिटांत थांबत असेल तर रक्त थांबविणारे औषध देण्यास अर्थच उरत नाही. गुठळी टिकविणाऱ्या औषधांचा मस्तिष्कांतर्गत रक्तस्रावावर दीर्घकाळ गंभीर विचार झाला नाही, याचे मुख्य कारण औषधांचा अभाव हे नव्हते. औषधाला करण्याजोगे काही काम आहे, हेच कोणास वाटत नव्हते.

औषध मात्र तयार होते. त्याचा जन्म अगदी वेगळ्या भूमीवर झाला.

रक्ताची गुठळी फायब्रिन नावाच्या तंतुमय प्रथिनाच्या जाळ्याने बांधलेली असते. हे जाळे शरीरात कायमचे राहत नाही. रक्तात प्लाझ्मिनोजेन नावाचे एक निद्रिस्त द्रव्य असते. ते जागे झाले म्हणजे त्याचे प्लाझ्मिन बनते व प्लाझ्मिन फायब्रिनचे तंतू कातरून टाकते. गोठलेले रक्त पुन्हा विरघळते या घटनेस फ्रेंच शास्त्रज्ञ दास्त्र याने १८९३ मध्ये ‘फायब्रिनोलिसिस’ हे नाव दिले होते. कोपनहेगनच्या टागे आस्ट्रुप याने १९४० नंतरच्या काळात या विलयनास चालना देणारे घटक शरीराच्या ऊतकांतच असतात, हे दाखविले. रक्त गोठविणे व गोठलेले रक्त विरविणे या दोन क्रिया शरीरात सतत एकमेकींस तोलून धरतात, ही त्याची कल्पना. तिला अनुसरून पाहिले तर रक्तस्राव थांबविण्याचे दोन मार्ग संभवतात : गोठण्याचा वेग वाढविणे, किंवा विरघळण्याचा वेग कमी करणे.

दुसरा मार्ग जपानमध्ये सापडला. महायुद्धानंतरच्या उद्ध्वस्त तोक्योत केइओ विद्यापीठात शोसुके ओकामोतो व त्यांची पत्नी उताको ओकामोतो हे दोघे संशोधन करीत होते. साधने तुटपुंजी होती. रक्तावर काम करण्याचे त्यांनी ठरविले त्यामागील एक कारण असे सांगितले जाते की, रक्त कमी पडले तर ते स्वतःचेच काढून घेता येत होते. उताकोबाईंच्या मनात प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावाने मरण पावणाऱ्या स्त्रिया होत्या. प्लाझ्मिनोजेन हे फायब्रिनला जेथे चिकटते तेथे फायब्रिनच्या साखळीतील लायसीन हे ॲमिनो अम्ल असते. म्हणजे लायसीनसारख्या दिसणाऱ्या एखाद्या लहान रेणूने प्लाझ्मिनोजेनची ही पकडच भरून टाकली तर त्यास फायब्रिनला धरता येणार नाही. ही यंत्रणा तपशिलाने पुढे उलगडली; ओकामोतो दांपत्याने मात्र लायसीनपासून आरंभ करून त्याच्याशी साधर्म्य असलेली अनेक संयुगे चिकाटीने तपासली. त्यांतून प्रथम एप्सिलॉन ॲमिनोकॅप्रॉइक अम्ल हाती आले. लायसीनच्या रेणूतील एक ॲमिनो गट गाळला म्हणजे जे उरते ते हेच. त्यानंतर १९६२ मध्ये त्यांनी त्याहून कितीतरी पटींनी प्रभावी असे संयुग जाहीर केले. ते पुढे ट्रॅनेक्झॅमिक अम्ल या नावाने प्रसिद्ध झाले.

उताकोबाईंच्या वाट्यास आलेली वागणूक विसरण्याजोगी नाही. लहान मुलीस पाठीशी बांधून त्या प्रयोगशाळेत काम करीत, आणि विद्वत्सभेत पुरुष श्रोत्यांकडून त्यांची टिंगल झाल्याचे त्यांनी स्वतःच उतारवयात सांगितले. ज्या कारणासाठी औषध शोधले त्या प्रसूतिपश्चात रक्तस्रावावर त्याची चाचणी घेण्यास त्या आपल्या भागातील डॉक्टरांचे मन वळवू शकल्या नाहीत. औषध प्रचारात आले ते स्वीडनमधील माल्मो येथील इंगा मारी निल्सन आदींच्या कार्यामुळे, व तेही मुख्यतः मासिक पाळीतील अतिस्राव, दात काढणे व शस्त्रक्रिया यांसाठी. आपल्याकडेही कित्येक वर्षे हे औषध ठाऊक होते ते स्त्रीरोगतज्ज्ञांच्या चिठ्ठीवरूनच.

मेंदूच्या बाबतीत हे औषध प्रथम शिरले ते एका बाजूच्या दाराने. मेंदूच्या आवरणाखाली रोहिणी-विस्फार फुटून होणारा रक्तस्राव हा मस्तिष्कांतर्गत स्रावाहून वेगळा. तेथे रक्त पहिल्यांदा थांबते, पण काही दिवसांत विस्फार पुन्हा फुटण्याचे भय असते. आणि १९६० नंतरच्या दशकात शस्त्रक्रिया बहुधा लांबणीवर टाकीत असल्यामुळे हा प्रतीक्षेचा काळ फार जीवघेणा ठरे. फुटलेल्या जागेवर बसलेली गुठळी या काळात विरघळू दिली नाही तर रोगी शस्त्रक्रियेपर्यंत तग धरील, असा सरळ विचार होता. शिकागोच्या शॉन मलन व त्याच्या सहकाऱ्याने १९६८ मध्ये अशा रोग्यांवरील फायब्रिनविलयरोधक उपचाराचा वृत्तान्त प्रसिद्ध केला आणि पुढील पंधरा वर्षे तो उपचार अनेक देशांत रूढ झाला.

त्याचा निर्णय १९८४ साली लागला. नेदरलँड्स व ब्रिटन येथील ४७९ रोग्यांवर फर्म्यूलन व सहकाऱ्यांनी केलेल्या चाचणीत पुनःस्रावाचे प्रमाण ट्रॅनेक्झॅमिक अम्लाने २४ टक्क्यांवरून ९ टक्क्यांवर आले. इतके निःसंदिग्ध यश वैद्यकात क्वचितच लाभते. पण त्याच वेळी मेंदूच्या काही भागास रक्त न मिळून होणारी हानी १५ टक्क्यांवरून २४ टक्क्यांवर गेली. आणि तीन महिन्यांनंतर दोन्ही गटांच्या स्थितीत काही फरक उरला नाही. औषधाने सांगितलेले काम चोख केले व रोग्यास त्याचा लाभ झाला नाही. ही चाचणी म्हणजे या इतिहासातील पहिला मोठा धडा होय, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते तो पुढच्या पिढीने पुरतेपणी पचविला नाही. रक्त थांबविणे व रोगी वाचविणे ही दोन निरनिराळी उद्दिष्टे आहेत, हे १९८४ मध्ये आकड्यांनिशी छापले गेले होते. तरीही वीस वर्षांनी तोच गोंधळ दुसऱ्या औषधाच्या बाबतीत पुन्हा झाला.

तत्पूर्वी मूळ प्रश्नाचे उत्तर बदलले होते. लंडनच्या विंबल्डन भागातील ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयाचे नाव या इतिहासात दोनदा येते. तेथे मकिसक व सहकाऱ्यांनी मस्तिष्कांतर्गत रक्तस्रावाच्या १८० रोग्यांवर शस्त्रक्रिया व साधा औषधोपचार यांची तुलना करून १९६१ मध्ये शस्त्रक्रियेचा लाभ दिसत नाही असा निर्णय दिला होता. रोहिणीचित्रण व कमरेतून काढलेले मेरुजल एवढ्याच साधनांवर त्या काळी निदान उभे होते, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या चाचणीचे धाडस कळते. त्याच रुग्णालयात ऑक्टोबर १९७१ मध्ये गॉडफ्रे हाउन्सफील्ड याच्या यंत्राने पहिल्या रोग्याच्या डोक्याचे संगणकीय छेदचित्र घेतले. जिवंत माणसाच्या मेंदूतील रक्त प्रथमच पांढऱ्या डागाच्या रूपाने डोळ्यांस दिसू लागले. आणि जे एकदा दिसते ते पुन्हा पाहता येते. शवपरीक्षेत नसलेला काळ हा घटक सीटी स्कॅनने परत आणिला.

तरीही दुसरे चित्र घेण्याची पद्धत हळूहळूच पडली, कारण रोग्याची स्थिती बिघडली तरच बहुधा यंत्राखाली पुन्हा नेले जाई. जपानी संशोधकांनी १९९० नंतर मोठ्या संख्येने अशी क्रमिक चित्रे अभ्यासिली. निर्णायक ठरले ते सिनसिनाटी येथील थॉमस ब्रॉट व सहकाऱ्यांचे १९९७ मधील निरीक्षण. रोग जडल्यापासून तीन तासांच्या आत पहिले चित्र घेतलेल्या १०३ रोग्यांची त्यांनी ठरलेल्या वेळी पुन्हा चित्रे घेतली. २६ टक्के रोग्यांत पहिल्या चित्रानंतर एका तासातच गाठ एकतृतीयांशाहून अधिक वाढली होती, व आणखी १२ टक्क्यांत ती त्यानंतर विसाव्या तासापर्यंत वाढली. म्हणजे शंभरातील अडतीस रोग्यांचा रक्तस्राव रुग्णालयात येऊन पोहोचल्यावरही चालू होता. हर्बस्टाइन व शॉमबर्ग यांचा निष्कर्ष याने कोसळला. फिशरचे कडेकडेने वाढणाऱ्या गाठीचे चित्र पुन्हा जिवंत झाले. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित विश्लेषणात गाठीच्या आकारात प्रत्येकी १० टक्के वाढ झाली तर मृत्यूचा धोका सुमारे ५ टक्क्यांनी चढतो, असे आढळले. आता औषधाला करण्याजोगे काम मिळाले.

हे काम प्रथम ओकामोतोंच्या औषधास मिळाले नाही, ही या कथेतील एक बोलकी गोष्ट आहे. ट्रॅनेक्झॅमिक अम्ल जुने, स्वस्त आणि एकस्वाच्या मुदतीबाहेर गेलेले. त्याच्यावर पैसा लावणारे कोण होते? त्याऐवजी पुढे आला तो क्लथनघटक सातवा, अर्थात जनुकीय तंत्राने बनविलेले त्याचे सक्रिय रूप. डेन्मार्कच्या नोव्हो नॉर्डिस्क कंपनीत उल्ला हेडनर यांच्या प्रयत्नाने हे औषध तयार झाले. हीमोफिलियाच्या ज्या रोग्यांच्या शरीरात नेहमीच्या क्लथनघटकाविरुद्ध प्रतिद्रव्ये तयार झालेली असतात त्यांच्यासाठी ते होते, आणि त्या क्षेत्रात त्याने खरोखरच अनेकांचे प्राण वाचविले. ते जाळे टिकवीत नाही, जाळे विणण्याचा वेगच वाढविते. म्हणजे आस्ट्रुपच्या तराजूतील हे दुसरे पारडे.

स्टीफन मेयर व सहकाऱ्यांनी २००५ मध्ये ३९९ रोग्यांवरील चाचणी प्रसिद्ध केली. रोग जडल्यापासून तीन तासांच्या आत छेदचित्र, व त्यानंतर तासाभरात औषध. निष्क्रिय द्रव्य दिलेल्या गटात गाठ सरासरी २९ टक्के वाढली. दर किलोग्रॅम वजनामागे ४०, ८० व १६० मायक्रोग्रॅम औषध घेतलेल्या गटांत ती अनुक्रमे १६, १४ व ११ टक्के वाढली. तीन महिन्यांतील मृत्यू २९ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आले. हृदयविकार, गुठळीजन्य पक्षाघात अशा गंभीर उपद्रवांचे प्रमाण मात्र २ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर गेले. निष्कर्षाने सर्वत्र खळबळ उडाली. या रोगावर तोवर सिद्ध झालेले असे एकही औषध नव्हते, हे लक्षात घेता ती साहजिक होती.

तीन वर्षांनी, २००८ मध्ये, ८४१ रोग्यांवरील दुसरी चाचणी प्रसिद्ध झाली. गाठीची वाढ याही वेळी कमी झाली : निष्क्रिय गटात २६ टक्के, २० मायक्रोग्रॅमच्या गटात १८ व ८० मायक्रोग्रॅमच्या गटात ११. आधीचा आकडा जणू अचूक पुन्हा उमटला. पण मृत्यू किंवा अतितीव्र अपंगत्व यांचे प्रमाण अनुक्रमे २४, २६ व २९ टक्के निघाले. लाभ नव्हताच. रोहिण्यांत गुठळ्या होण्याचे उपद्रव ८० मायक्रोग्रॅमच्या गटात ९ टक्के, तर निष्क्रिय गटात ४ टक्के होते.

या दोन चाचण्यांच्या विसंगतीवर बरेच लिहिले गेले आहे. विद्यार्थ्याने दोन गोष्टी विशेष लक्षात घ्याव्यात. एक, वाईट परिणामाची व्याख्या दोन्ही वेळी एकच नव्हती. पहिल्या चाचणीत मध्यम तीव्रतेचे परावलंबित्वही तीत मोजले होते, दुसरीत केवळ अंथरुणास खिळणे अथवा मृत्यू. दोन, दुसऱ्या चाचणीत ८० मायक्रोग्रॅमच्या गटात मेंदूच्या पोकळ्यांत रक्त उतरलेले रोगी ४१ टक्के, तर निष्क्रिय गटात २९ टक्के होते. ही असमान वाटणी यदृच्छेने झाली व ती औषधाच्या विरुद्ध गेली. ही स्पष्टीकरणे खोटी नाहीत. परंतु ती नंतर सुचलेली आहेत, आणि नंतर सुचलेल्या स्पष्टीकरणांवर इतिहासकाराने थोडा अविश्वास ठेवावा हे बरे. मूळ दोष अधिक खोल होता. गाठीची वाढ टक्केवारीत मोजली म्हणजे ती मोठी दिसते. पण घनसेंटिमीटरमध्ये पाहता औषधाने वाचविलेले रक्त मोजक्या काही घनसेंटिमीटरांचे होते. ज्याच्या मेंदूत आधीच चाळीस घनसेंटिमीटर रक्त साचले आहे त्यास आणखी चार वाचल्याने कितीसा फरक पडणार? आणि शंभरातील साठांहून अधिक रोग्यांची गाठ वाढणारच नसेल, तर त्यांना औषध देणे म्हणजे लाभाची शक्यता नसताना केवळ धोका पत्करणे होय.

ओकामोतोंच्या औषधाचे पुनरुत्थान झाले ते अपघातग्रस्तांच्या उपचारातून. लंडनच्या स्कूल ऑफ हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिन या संस्थेने चालविलेली व २०१० मध्ये प्रसिद्ध झालेली क्रॅश-२ ही चाचणी ४० देशांतील २०,२११ जखमींवर झाली; भारतातील रुग्णालयांचाही तीत वाटा होता. मृत्यूचे प्रमाण १६.० टक्क्यांवरून १४.५ टक्क्यांवर आले. फरक लहान दिसतो, पण औषध स्वस्त, देण्यास सोपे व उपद्रवरहित ठरले. त्याहून महत्त्वाचा शोध पुढील वर्षीच्या विश्लेषणात लागला : तीन तासांच्या आत औषध दिल्यास रक्तस्रावाने होणारे मृत्यू घटतात, तीन तासांनंतर दिल्यास ते उलट वाढतात. वूमन या २०,०६० प्रसूत स्त्रियांवरील चाचणीने २०१७ मध्ये हेच प्रसूतिपश्चात रक्तस्रावाबाबत दाखविले. उताकोबाई आदल्या वर्षीच, २०१६ मध्ये, निवर्तल्या होत्या. या दोन्ही चाचण्यांचे एकत्रित विश्लेषण २०१८ मध्ये झाले तेव्हा असे दिसले की, उपचारास होणाऱ्या दर पंधरा मिनिटांच्या विलंबाने औषधाचा लाभ सुमारे १० टक्क्यांनी ओसरतो.

अशा वातावरणात नॉटिंगहॅम विद्यापीठाच्या निकोला स्प्रिग यांच्या नेतृत्वाखाली टिच-२ ही चाचणी झाली. १२ देशांतील १२४ रुग्णालये, २,३२५ रोगी, रोग जडल्यापासून आठ तासांची मुदत. औषधाचे प्रमाण क्रॅश-२ प्रमाणेच, म्हणजे आरंभी १ ग्रॅम व पुढील आठ तासांत १ ग्रॅम. २०१८ मधील निष्कर्ष असे : गाठ वाढण्याचे प्रमाण २९ टक्क्यांवरून २५ टक्के, पहिल्या सात दिवसांतील मृत्यू ११ टक्क्यांवरून ९ टक्के, गुठळीजन्य उपद्रवांत वाढ नाही. पण ९० व्या दिवशी औषधाच्या गटात २५० व निष्क्रिय गटात २४९ रोगी मृत्यू पावलेले होते, आणि जगलेल्यांच्या अपंगत्वातही संख्याशास्त्राच्या कसोटीस उतरेल असा फरक नव्हता.

२५० आणि २४९ हे दोन आकडे शेजारीशेजारी ठेवून पाहिले म्हणजे निरुत्तर व्हावेसे वाटते. तथापि या चाचणीचा अर्थ लाविताना दोन पक्ष पडले. एका पक्षाच्या मते औषध निरुपयोगी आहे व प्रकरण येथे मिटवावे. दुसरा पक्ष म्हणतो की, निम्म्याहून अधिक रोग्यांना औषध तीन तास उलटून गेल्यावर मिळाले, म्हणजे क्रॅश-२ ने दाखविलेली वेळ टळून गेल्यावर. शिवाय सर्व सूक्ष्म निर्देश लाभाच्या दिशेनेच झुकलेले आहेत. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे खरे असेल तर उपाय दोनच उरतात : औषध लवकर द्यावे, किंवा ज्यांचे रक्त अजून वाहत आहे त्यांनाच निवडून द्यावे.

दोन्ही उपाय करून पाहण्यात आले. शिरेतून क्षकिरणास अपार असा द्रव टोचून घेतलेल्या छेदचित्रात गाठीच्या आत एखादा ठिपका चमकला तर तेथून रक्त गळत आहे असे समजावे, हे चिन्ह २००७ मध्ये वर्णिले गेले. असा ठिपका असलेल्या १०० रोग्यांवरील ऑस्ट्रेलियन नेतृत्वाखालील चाचणीत ट्रॅनेक्झॅमिक अम्लाच्या गटात ४४ टक्के व निष्क्रिय गटात ५२ टक्के रोग्यांची गाठ वाढली. २०२० मधील हा फरक आशा वाटण्याजोगा, पण सिद्धता म्हणण्याजोगा नव्हता. सातव्या घटकाचीही अशीच निवडक रोग्यांवर परीक्षा झाली. ६९ रोग्यांवरील तिचा निकाल २०१९ मध्ये आला आणि तोही निराशाजनकच होता. उरला वेळेचा उपाय. रोग जडल्यापासून दोन तासांच्या आत, काही ठिकाणी तर छेदचित्रयंत्र बसविलेल्या फिरत्या रुग्णवाहिकेतच, औषध देणारी चाचणी २०१ रोग्यांवर होऊन २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. गाठ वाढली ती औषधाच्या गटात ४३ टक्के रोग्यांत, निष्क्रिय गटात ३८ टक्के रोग्यांत. ही चाचणी लहान होती हे खरे. पण वेळ साधली की औषध आपोआप लागू पडेल, या विश्वासास तिने मोठा धक्का दिला.

याचे एक कारण प्रस्तुत लेखकास असे दिसते. प्रसूतीनंतरचा किंवा अपघातातील रक्तस्राव शरीरास रक्तहीन करून मारितो. तेथे रक्त वाचविणे म्हणजे प्राण वाचविणे. मेंदूत सांडणारे रक्त शरीराच्या दृष्टीने नगण्य असते. तेथे मारक ठरते ते साचलेल्या रक्ताने दिलेला दाब व त्यातून पसरणारे विषारी परिणाम. शिवाय उच्च रक्तदाबाखाली फाटलेल्या रोहिणीच्या तोंडाशी फायब्रिनचे जाळे विरघळते म्हणूनच रक्त वाहते, हे गृहीतच मुळात सर्वत्र सिद्ध झालेले नाही. गुठळी बसण्यापूर्वीच रक्ताचा जोर तिला ढकलून देत असेल, तर गुठळीचे आयुष्य वाढविणाऱ्या औषधास टिकविण्यासारखे तेथे काही नसणार. रक्ताची गोठण्याची शक्ती वाढविली की मेंदूचे कल्याण होते, ही समजूत किती फसवी आहे याचे आणखी एक उदाहरण २०१६ मध्ये मिळाले होते : रक्तबिंबिका कमकुवत करणारी औषधे घेत असता मेंदूत रक्तस्राव झालेल्या १९० रोग्यांवरील चाचणीत बाहेरून बिंबिका चढविलेल्यांची स्थिती न चढविलेल्यांपेक्षा वाईट निघाली.

आवरणाखालील रक्तस्रावाच्या जुन्या प्रश्नावरही २०२१ मध्ये पुन्हा निकाल आला. नेदरलँड्समधील ९५५ रोग्यांवरील चाचणीत एका गटास निदान होताच, एका दिवसापुरतेच ट्रॅनेक्झॅमिक अम्ल देण्यात आले. १९८४ मध्ये दीर्घकाळ औषध दिल्याने हानी झाली, म्हणून ते अल्पकाळ द्यावे, हा त्यामागील विचार निर्दोष होता. सहा महिन्यांनंतर रोग्यांच्या स्थितीत या वेळीही सुधारणा आढळली नाही.

दरम्यान यश आले ते अनपेक्षित दिशेने. इंटरॅक्ट-३ ही २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी मुख्यतः मध्यम व अल्प उत्पन्नाच्या देशांत, भारत धरून दहा देशांतील ७,०३६ रोग्यांवर झाली. तीत नवे औषध कोणतेच नव्हते. वरचा रक्तदाब तासाभरात १४० च्या खाली आणणे, रक्तातील साखर व ताप आटोक्यात ठेवणे आणि रक्त पातळ करणाऱ्या औषधाचा परिणाम असल्यास तो उलटविणे, एवढ्या साध्या गोष्टी एकत्र व वेळेवर करण्याचा नियम घालून दिला होता. त्याने सहा महिन्यांनंतरची स्थिती निश्चितपणे सुधारली. आपल्याकडील तालुक्याच्या गावाहून छेदचित्राच्या यंत्रापर्यंत रोग्यास आणण्यात किती वेळ जातो, हे ज्यास ठाऊक आहे त्यास या निष्कर्षाचे मोल वेगळे सांगावयास नको. रक्तदाब उतरविण्याचा उपाय वाहत्या रोहिणीवरील जोरच कमी करितो, हेही येथे पाहण्यासारखे आहे.

ट्रॅनेक्झॅमिक अम्लाचे प्रकरण मात्र बंद झालेले नाही. नॉटिंगहॅमच्याच गटाने ५,५०० रोग्यांचे लक्ष्य ठेवून व साडेचार तासांची मुदत घालून टिच-३ ही चाचणी २०२२ मध्ये सुरू केली. टिच-२ मध्ये दिसलेला पहिल्या सात दिवसांतील मृत्यूंचा फरक खरा होता की यदृच्छेचा खेळ होता, हे ठरविण्याइतकी तिची संख्या मोठी आहे. तिच्या प्रमुख मोजमापांत गाठीचा आकार नाही, मृत्यू आहेत.